केस गळू लागले? आधी कॅलेंडर तीन महिने मागे न्या

"बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात," असं आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात. वेळेचं निरीक्षण अचूक आहे. बाळ तीन-चार महिन्यांचं होतं, खुदकन हसू लागतं, आणि त्याच सुमारास न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. यात बाळाचा दोष नाही, शाम्पूचा नाही आणि टँकरच्या पाण्याचाही बहुधा नाही. आज हातात आलेल्या केसाची वाढ साधारण तीन महिन्यांपूर्वीच थांबलेली असते. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात राहिली, तर केसांच्या मागे होणारी धावपळ आणि तेल-सीरमवरचा खर्च बराच कमी होईल.

म्हणून या लेखाची सुरुवात तेलापासून नाही. आधी कारण शोधायचं, मग तपासण्या करायच्या, गरज असेल तर औषध घ्यायचं आणि रोजची निगा या सगळ्याच्या जोडीला ठेवायची.

केसाचं वेळापत्रक

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढत राहतो, महिन्याला जवळजवळ १ सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं. त्यानंतर सुमारे ३ महिने तो नुसता जागेवर बसून असतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून नवा केस वर येतो. कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असल्यामुळे रोज ५० ते १०० केस गळले तरी डोकं भरलेलं दिसतं.

हार्मोन्स या वेळापत्रकातच फेरफार करतात. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे वाढीचा टप्पा लांबतो. अँड्रोजेन पुरुषी हार्मोन म्हणून ओळखलं जातं, पण ते प्रत्येक बाईच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतही तयार होतं. ज्यांची मुळं त्याला संवेदनशील असतात, त्यांच्या टाळूवरचा केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. हनुवटीवर मात्र उलटं घडतं, तिथली कोवळी लव जाड आणि काळी होते. थायरॉइडचं हार्मोन कमी-जास्त झालं तर मुळं वेळेआधीच विश्रांतीला जातात.

यातून दोन अगदी वेगळ्या तक्रारी तयार होतात. पहिली गळतीची. केस भराभर जातात, सगळ्या डोक्यावरून जातात, पण मुळं शाबूत असतात आणि कारण दूर झालं की केस परत येतात. दुसरी विरळ होण्याची. इथे गळलेले केस फारसे दिसतही नाहीत, पण भांग वर्षागणिक रुंद होत जातो, आणि हे आपोआप भरून येत नाही. पुंजके पाहून बायका घाबरतात आणि रुंदावणाऱ्या भांगाकडे दुर्लक्ष करतात. खरं तर घाई दुसऱ्या तक्रारीत करायला हवी.

पायरी पहिली : तारखा लिहा

वही घ्या किंवा फोनवर लिहा. गळती कधी सुरू झाली? तिथून दोन ते चार महिने मागे जा. त्या काळात बाळंतपण, गर्भपात, डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड, कोविड यांसारखा ताप, मोठं ऑपरेशन, जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा झटपट वजन उतरवणारा डाएट यांपैकी काही झालं का? गर्भनिरोधक गोळ्या सुरू किंवा बंद केल्या का? थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला का? शेजारच्या ओळीत गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहा. डॉक्टरांकडे गेल्यावर हा कागद रिपोर्टांच्या फाइलइतकाच कामाला येतो.

पायरी दुसरी : भांग आणि गळलेला केस नीट बघा

दिवसा, खिडकीजवळ, कोरड्या केसांचा मधोमध भांग पाडा आणि कुणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. मागच्या भागाचा भांग पाडूनही एक फोटो घ्या. पुढचा भांग रुंद आणि मागचा अरुंद, असा फरक दिसला तर विरळ होण्याकडे कल आहे. कपाळाच्या रेषेपासून मागे जाताना ख्रिसमसच्या झाडासारखा त्रिकोणी मोकळा पट्टा दिसणं हीसुद्धा त्याचीच खूण. सगळीकडे सारखंच पातळ वाटत असेल तर गळती.

मग गळलेला एक केस पांढऱ्या कागदावर ठेवा. टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसेल. त्याला 'मूळ उपटलं' असं समजून अनेकजणी हादरतात. तो विश्रांती संपवून गळलेल्या केसाचा गोळा असतो, मूळ टाळूतच राहतं. ठिपका नसेल, केस आखूड असेल आणि टोक फाटलेलं असेल, तर तो गळलेला नाही, तुटलेला आहे. तिथे हार्मोनला दोष देऊ नका. स्ट्रेटनिंग, ब्लीच, ओल्या केसांत ओढलेली फणी ही कारणं बघा.

मोजणीबद्दल एक सूचना. आठवड्यातून एकदाच डोक्यावरून न्हाणाऱ्या बाईचे त्या दिवशी दीड-दोनशे केस गेले, तर ते सगळ्या आठवड्याचे साठलेले असतात. दोन न्हाण्यांमधलं अंतर सारखं ठेवून तुलना करा. रोज मोजत बसू नका, त्याने चिंता वाढते, माहिती वाढत नाही.

बाळंतपणानंतर

गरोदरपणात इस्ट्रोजेन चढं असतं, त्यामुळे ज्या केसांची गळायची वेळ झालेली असते तेही टिकून राहतात. वेणी जाड होते, सगळे कौतुक करतात. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन काही दिवसांतच झपाट्याने खाली येतं आणि थांबून राहिलेले सगळे केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात. दोन ते चार महिन्यांनी ते एकत्रच गळतात. म्हणजे नऊ महिन्यांत जे गळायचे राहिले होते, ते आता जातात. टक्कल पडणार नाही. बहुतेकींची गळती बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आत थांबते.

अंगावर पाजल्यामुळे केस जातात हा समज चुकीचा आहे. केसांसाठी दूध तोडायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

या काळात करायचं ते एवढंच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या, पण एकाच वेळी नको, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासून घ्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी हे बाळंतिणीचं खाणं चांगलंच आहे, पण तूप-गुळावर भर देताना डाळ, उसळ, अंडी, दही मागे पडत नाही ना हे बघा. केस प्रथिनांचा बनलेला असतो.

कपाळाजवळ तीन-चार सेंटिमीटरचे उभे राहणारे केस दिसू लागले की ते तेलाने चापून बसवायच्या आधी आरशात नीट बघा. ते नवीन आलेले केस आहेत. त्यांची टोकं निमुळती असतात, तुटलेल्या केसासारखी बोथट किंवा फाटलेली नसतात.

आणखी एक गोष्ट, जी बाळंतिणीला फारसं कुणी सांगत नाही. या महिन्यांत तुमचा गळलेला लांब केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. मोज्यात, हातमोज्यात तो दिसत नाही. बोट सुजतं, लाल-निळं होतं आणि बाळ कारणाशिवाय सतत रडतं. रोज मालिश करताना हातापायांची वीसही बोटं सुटी करून बघा, मोजे उलटे करून झटका, बाळाचे कपडे धुतल्यावरही आतून तपासा. केस रुतलेला दिसला आणि सहज निघत नसेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

गळती वर्षानंतरही चालू राहिली, किंवा जोडीला छाती धडधडणं, खूप थकवा, वजनात अचानक फरक, उदासपणा असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करा. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींची थायरॉइड ग्रंथी सुजते आणि लक्षणं 'बाळामुळे झोप होत नाही' या सबबीखाली झाकली जातात.

पीसीओएस : भांग रुंद, हनुवटीवर केस

पाळी ३५ दिवसांहून लांबते किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येते, हनुवटीवर, ओठावर, पोटावर जाड केस येतात, जबड्याच्या रेषेवर पुटकुळ्या राहतात, मानेची त्वचा काळसर मखमली होते, आणि वयाच्या विशी-पंचविशीतच भांग दिसू लागतो. हे चित्र जुळलं तर विचार पीसीओएसचा, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या हार्मोनच्या बिघाडाचा करायचा.

निदान कसं होतं हे माहीत असलेलं बरं, कारण इथे घोटाळे फार. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांनुसार प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन गोष्टी लागतात : अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणारी अनेक छोटी बीजपुटकं. पाळी नियमित आहे, चेहऱ्यावर केस नाहीत, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, आणि केवळ सोनोग्राफीच्या कागदावर 'पॉलिसिस्टिक' हा शब्द आला आहे, तेवढ्यावरून पीसीओएस ठरत नाही. पाळी सुरू होऊन दोन-चार वर्षंच झालेल्या मुलीच्या बाबतीत तर सोनोग्राफीवर निदान करूच नये.

यात इन्सुलिनचा मोठा हात असतो. रक्तात इन्सुलिन चढं राहिलं की अंडाशय जास्त अँड्रोजेन बनवतं, शिवाय अँड्रोजेनला बांधून ठेवणारं रक्तातलं प्रथिन कमी होतं. म्हणून पीसीओएसमध्ये केसांची काळजी ताटापासून आणि चालण्यापासून सुरू होते. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. मात्र ते सावकाश उतरवा. महिनाभर काकडी-ताकावर राहून आठ किलो उतरवले तर तीन महिन्यांनी वेगळीच गळती सुरू होईल. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांना 'वजन कमी कर' सांगून परत पाठवणं चुकीचं आहे.

हनुवटीवरचे केस काढायला दोरा, वॅक्स, रेझर, लेझर काहीही चालतं. रेझरने केस जाड होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असल्याने तसं वाटतं. हार्मोन आटोक्यात आणल्याशिवाय लेझरचा परिणाम टिकत नाही, हे पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारात घ्या.

काही महिन्यांतच चेहऱ्यावर भराभर केस, आवाज घोगरा, डोक्यावर पुरुषासारखं टक्कल असं झालं तर तो पीसीओएस समजून घरी बसू नका. अंडाशयाच्या किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाठीची शक्यता असते, लगेच तपासायला हवं.

थायरॉइड

थायरॉइड कमी असेल तर केस कोरडे, राठ होतात, सगळीकडून जातात आणि काहींच्या भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात. गोळी सुरू केल्यावर केस सुधारायला बरेच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांत 'गुण नाही' म्हणून गोळी सोडू नका. ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवा.

पाळी जाताना आणि गेल्यावर

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे हे बहुधा पंचेचाळिशीनंतर, पन्नाशीच्या आत घडतं. इस्ट्रोजेन कमी होतं आणि अँड्रोजेनचा प्रभाव तुलनेने वाढतो. केस बारीक, कोरडे होतात, भांग रुंदावतो, हनुवटीवर चार-दोन राठ केस येतात.

पण त्याआधीच्या चार-पाच वर्षांत एक वेगळी गोष्ट घडत असते, आणि ती हमखास निसटते. पाळी जवळजवळ येते, अंगावरून खूप जातं, गाठी पडतात. 'या वयात असंच असतं' म्हणत बाई सोसत राहते आणि शरीरातलं लोह संपत जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा वेळी केस जातात ते लोहामुळे, आणि उपाय केसांवर नाही, रक्तस्रावावर करावा लागतो. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी गेल्यानंतर वर्षभराने पुन्हा रक्त दिसलं तर मात्र अजिबात थांबू नका.

याच वयात कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत असेल, तिथली त्वचा गुळगुळीत, फिकट दिसत असेल आणि भुवयाही गेल्या असतील, तर हा साधा विरळपणा नाही. यात मुळंच नष्ट होतात आणि गेलेले केस परत येत नाहीत, त्यामुळे आहेत ते वाचवण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवणं गरजेचं असतं.

तपासण्या

सरसकट मोठं पॅकेज नको. गळती असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि टीएसएच इथून सुरुवात करा. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने, शाकाहारी असाल तर बी-१२ जरूर. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा ते बरं झाल्यावर करा. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस असतील तर टेस्टोस्टेरॉन (मुख्य अँड्रोजेन), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) आणि साखर. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अँड्रोजेनचे आकडे विश्वासार्ह येत नाहीत.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये सांगा आणि डॉक्टरांना विचारून तपासणीच्या काही दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होऊ शकतं. खरी कमतरता नसताना बायोटिनने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. काही मिश्र गोळ्यांतलं अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम प्रमाणाबाहेर गेलं तर उलट केस गळतात.

औषधं

विरळ होण्यावर सर्वांत जास्त पुरावा मिनॉक्सिडिलचा आहे. हे मुळात रक्तदाबाचं औषध. लावायची पद्धत चुकली की गुण येत नाही, म्हणून सविस्तर सांगते. केस कोरडे हवेत. भांग पाडून थेंब त्वचेवर सोडायचे, केसांवर नाही. २ टक्क्यांचं द्रावण बहुधा १ मिलिलिटर दिवसातून दोनदा, ५ टक्क्यांचं दिवसातून एकदा, पण तुमच्यासाठी कोणतं ते डॉक्टर ठरवतील. लावून हात धुवा. झोपण्याआधी दोन तास तरी जाऊ द्या, नाहीतर उशीवरून ते गालाला लागतं आणि तिथे लव वाढते. पहिल्या एक-दोन महिन्यांत केस जास्त गळतात, कारण जुने केस नव्यांना जागा देतात. नेमक्या याच वेळी बहुतेकजणी बाटली टाकून देतात. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं परत जातं.

गरोदर असताना किंवा अंगावर पाजताना ते वापरू नका. घरात तान्हं बाळ असेल तर लावलेल्या डोक्याला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका. मांजर असेल तर फारच जपा, हे औषध चाटल्याने मांजर दगावू शकतं.

पीसीओएसमध्ये डॉक्टर गर्भनिरोधक गोळ्या किंवा अँड्रोजेनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन देतात. स्पायरोनोलॅक्टोन घेताना गर्भ राहू नये याची पक्की व्यवस्था हवी, गर्भातल्या मुलाच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून ही औषधं आणू नका.

रोजची निगा

तेलाने हार्मोन बदलत नाही आणि डोक्यावर नवे केस येत नाहीत. मात्र असलेला केस टिकवायला खोबरेल खरंच उपयोगी आहे. २००३ साली मुंबईत एका तेल उत्पादक कंपनीच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूर्यफूल आणि खनिज तेलाच्या तुलनेत खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं दिसलं. कंपनीचा त्यात हितसंबंध होता हे खरं, पण निष्कर्ष तेलाच्या रेणूंच्या रचनेशी जुळतो. न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला लावा. कोंडा असेल तर टाळूवर थापू नका, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. खसाखसा चोळून मालिश केल्याने सुटायला आलेले केस एकदम हातात येतात, बोटांची पेरं हलकी फिरवा.

गळतीला घाबरून न्हाणं लांबवू नका. टाळू तेलकट असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य शाम्पू, फक्त टाळूला, आणि लांबीला कंडिशनर. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. सकाळची लोकल गाठायची म्हणून ओल्या केसांचा घट्ट आंबाडा घालून निघणं केसांना फार महाग पडतं. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी न्हा. गुंता सोडवताना रुंद दातांचा कंगवा घ्या, टोकांपासून सुरू करून वर या. रोज ओढून बांधलेली वेणी, जड एक्स्टेन्शन यांनी कानशिलाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात.

केस काळे करण्यासाठी 'काळी मेंदी' निवडणाऱ्यांनी पाकिटावरचे घटक वाचा, तिच्यात बरेचदा रंगाचंच रसायन असतं. कानामागे थेंब लावून ४८ तास वाट बघा.

जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही, तासभर अंतर ठेवा. पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा ताटात आवळा घ्या.

डॉक्टरांकडे जाताना

पार्लरमधल्या 'ट्रायकॉलॉजिस्ट'कडे (केसांचे तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांकडे) नको, त्वचारोगाची पदवी असलेल्या डॉक्टरांकडे जा. तारखांचा कागद, भांगाचे फोटो, जुने रिपोर्ट आणि चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि वजन कमी करण्याच्या पावडरीही, बरोबर न्या. त्या दिवशी तेल, रंग, केसांवरची पावडर काही लावू नका, म्हणजे त्यांना टाळू भिंगातून नीट दिसेल. गोल चकत्यांनी केस गेले असतील, टाळू दुखत किंवा जळत असेल, तिथे पू होत असेल, त्वचा गुळगुळीत झाली असेल, तर सहा महिने वाट पाहू नका, याच आठवड्यात वेळ घ्या. बाकीच्यांनी उपचार सुरू केल्याच्या तारखेला एक फोटो काढावा आणि पुढचा थेट चार महिन्यांनी, त्याच जागी, त्याच उजेडात.